हिवाळा सरताना पागा

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट राज्यात लोक पाच ऋतू मोजतात. पाचवा चिखलाचा. मार्चच्या मध्याला तो सुरू होतो आणि एप्रिल सरेपर्यंत, कधी मे उजाडेपर्यंत हटत नाही. वरचा बर्फ वितळतो, वीतभर माती सैल होते, पण तिच्याखालची जमीन अजून गोठून टणक असते. पाण्याला मुरायला वाटच नसते, म्हणून ते वरच्या मातीत तुंबून राहतं. राज्यातले निम्म्याहून जास्त रस्ते आजही बिनडांबरी आहेत, त्यामुळे शाळेच्या बसपासून दुधाच्या टँकरपर्यंत सगळंच रुततं. नेमक्या याच दिवसांत तिथले घोडेवाले पागेची सगळी दारं उघडून कामाला लागतात.

हा मॉर्गन घोड्यांचा मुलूख आहे. १९६१ पासून मॉर्गन हा व्हरमाँटचा अधिकृत राज्यप्राणी आहे. वेब्रिज गावी जोसेफ बॅटेल या धनिकाने १८७८च्या सुमारास बांधलेली लाकडी पागा ही अशा इमारतींचा उत्तम नमुना समजली जाते. असल्या पागेत हिवाळ्यातले चार-पाच महिने घोडे बराच वेळ आत असतात. बाहेर शून्याखाली पंधरा-वीस अंश, आत लीद, मूत, सुकं गवत आणि माणसाने गारठ्याला भिऊन बंद केलेल्या खिडक्या. वसंतात जे साफ करायचं असतं ते या चार-पाच महिन्यांचं साचलेपण असतं.

या विषयावर लिखाण उदंड आहे. विद्यापीठांच्या पुस्तिका, पशुवैद्यकांच्या सूचना, घोड्यांच्या मासिकांतल्या मार्चच्या याद्या. बहुतेकांची सुरुवात झाडूने होते आणि शेवट रंगाच्या डब्याने. जाळी काढा, बादल्या घासा, खोगिरांना तेल द्या, दाराला नवा हात मारा. यातलं काहीच चुकीचं नाही, पण क्रम उलटा आहे असं माझं मत. जे नजरेत भरतं ते आधी उरकलं जातं. घोड्याला खरा त्रास देणाऱ्या गोष्टी मात्र डोळ्यांना दिसत नाहीत: हवा, जमिनीखालचं पाणी, लिदीतली अंडी, कोवळ्या गवतातली साखर.

हवेपासून सुरुवात करू. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, जे काही आत जातं ते नाकावाटेच. साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा दिवसाला लीद आणि मूत मिळून वीस-बावीस किलो टाकतो. मुतातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, आणि हा वायू जिथे तयार होतो तिथेच, म्हणजे जमिनीलगत, सगळ्यात दाट असतो. अमेरिकेत कामगारांसाठी दिवसभराच्या पाळीची शिफारस केलेली मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे २५ भाग अशी आहे. बंद पागेत जमिनीजवळ ती सहज ओलांडली जाते. त्यात गवतातली धूळ आणि बुरशीचे कण मिसळले की घोड्याला दमा लागतो. या दम्याला निरनिराळ्या काळात निरनिराळी नावं मिळाली. आता बहुतेक पशुवैद्य सरळ ‘घोड्यांचा दमा’च म्हणतात. सौम्य प्रकारात घोडा नुसता खोकतो, रपेटीला लवकर थकतो, आणि मालक म्हणतो, हिवाळाभर बसून होता, दम कमी झालाय.

पागेची हवा तपासायची साधी रीत अशी. पहाटे, दारं उघडण्याआधी आत जायचं आणि ठाणात गुडघे टेकून बसायचं. उभं राहून हुंगलेली हवा माणसाची असते. घोडा खाली सांडलेला चारा वेचताना आणि लोळून झोपताना नाक जमिनीला लावतो, आणि शिंगरू तर दिवसाचा मोठा भाग आडवंच असतं. मागच्या कोपऱ्यातला भुसा हाताने थोडा उकरायचा. खालचा थर काळपट, चिकट लागला आणि डोळे चुरचुरले तर मीटर आणायची गरज नाही. एक पथ्य मात्र आहे: हे काम रोज पागेत राबणाऱ्याने करू नये. त्याचं नाक त्या वासाला कधीच सरावलेलं असतं. शेजाऱ्याला बोलवावं.

खिडक्या बंद करण्यामागे माया असते हे खरं, पण ती माया माणसाच्या अंगावरून मोजलेली असते. हिवाळी केस अंगावर असलेला, कोरडा, पोटभर चारा मिळालेला घोडा शून्याखाली दहा अंशांतही आरामात उभा राहतो. त्याला ओल सोसत नाही, अंगावर येणारा झोत सोसत नाही, गारवा सोसतो. म्हणून वसंतात दारं उघडणं हा खरं तर हिवाळाभर केलेल्या चुकीचा उतारा आहे. छताच्या कण्याशी आणि वळचणीला मोकळ्या फटी ठेवल्या, तासाला चार ते आठ वेळा आतली हवा पालटेल अशी सोय केली, तर मार्चमधलं निम्मं काम उरतच नाही.

झाडू हाती घेण्याआधी घोडे बाहेर काढावेत. हे सांगावं लागतं, कारण रविवारी सकाळी रस्त्यावरची पानं उडवायचा ब्लोअर घेऊन बोळ साफ करणारे आणि दोन्ही बाजूंना ठाणांत घोडे उभे, हे दृश्य अमेरिकेत दुर्मीळ नाही. बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगत राहते. चार महिन्यांची घाण एका सकाळी घोड्याच्या फुप्फुसात भरायची आणि त्याला स्वच्छता म्हणायचं! त्यापेक्षा पाणी शिंपडून, वरून खाली, आधी तुळया मग भिंती मग जमीन, असं उतरत यावं आणि घोडे संध्याकाळी परत आणावेत.

जमिनीचं काम जास्त जिकिरीचं आहे. रबरी मॅट उचलणं दोन माणसांचं काम, म्हणून ते टळतं, आणि खाली मातीत मुताची डबकी तयार होतात. ती माती खणून टाकावी, खालची जमीन काही दिवस उघडी वाळू द्यावी, मग नवा मुरूम भरून ठोकावा. जंतुनाशकाचा मुद्दाही इथेच येतो. लीद किंवा माती शिल्लक असलेल्या फळीवर ब्लीच ओतलं तर ते त्या घाणीशीच झुंजून संपतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. आधी खरवडणं, मग साबणाचं पाणी, मग धुणं, मग वाळवणं आणि सगळ्यात शेवटी जंतुनाशक. घशाच्या गाठी सुजवणारा ‘स्ट्रँगल्स’ किंवा सालमोनेला पागेत येऊन गेला असेल तर यातली एकही पायरी गाळता येत नाही. चुन्याबद्दल तर घोटाळाच आहे. विरवलेला चुना जंतू मारतो, पण खूर आणि कातडीही भाजतो. ‘बार्न लाइम’ म्हणून पोत्यात मिळते ती बहुधा चुनखडीची पूड. ती ओल थोडी शोषते, जंतूंना काही करत नाही. दुसरी पूड पसरून पहिलीचा भरवसा बाळगणारे पुष्कळ.

निचऱ्याची ही चिंता नवी नाही. ग्रीक सेनानी झेनोफनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर छोटा ग्रंथ लिहिला. ओली आणि गुळगुळीत जमीन चांगल्या खुरांचीही वाट लावते, म्हणून पागेला उतार द्यावा आणि खुराएवढे दगड बसवावेत, असं त्यात सांगितलं आहे. पागेबाहेरच्या अंगणात, जिथे खरारा होतो तिथे, मुठीत मावतील असे गोल दगड गाड्या भरभरून पसरायलाही तो सांगतो. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात एकेका घोड्याचं ठाण घोड्याच्या लांबीएवढं चौरस, खाली गुळगुळीत फळ्या, चाऱ्याचा कप्पा, लीद आणि मूत वाहून जाण्याची सोय आणि तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, असा तपशील येतो. फळ्या गुळगुळीत असाव्यात की दगड खडबडीत, यावर या दोघांचं पटलं नसतं. पण पाणी थांबता कामा नये यावर एकमत आहे. त्याच प्रकरणात पागेत माकडं, मोर, मुंगूस, पोपट, मैना ठेवाव्यात असंही आहे. व्हरमाँटच्या पागेत मांजर आणि एखादी बकरी असते, एवढाच फरक.

आता बाहेर, चिखलात. दहा मीटर लांब-रुंद छपरावर एक इंच पाऊस पडला की अडीच हजार लिटर पाणी खाली येतं. पन्हळ नसेल तर ते सगळं पागेच्या दारातच, आणि तिथे दिवसातून दहा वेळा पाचशे किलोचा प्राणी चार छोट्या खुरांवर उभा राहतो. लोक ट्रकभर खडी आणून चिखलावर ओततात आणि पुढच्या वर्षी तीच खडी हातभर खाली गडप झालेली असते. याला उपाय आहे, थोडा खर्चिक: वरची सैल माती काढायची, त्यावर जिओटेक्स्टाइलचं जाड कापड अंथरायचं, मग मोठी खडी, मग बारीक कच. कापडामुळे माती वर येत नाही आणि खडी खाली जात नाही. पण एप्रिलच्या चिखलात हे काम होत नाही. ते आदल्या उन्हाळ्यात करायचं असतं. वसंतात फक्त पाणी कुठे तुंबतं तिथे खुंट्या मारून ठेवायच्या. चिखलात उभ्या घोड्याच्या खुराच्या तळव्यात सड धरते, घोट्यामागच्या कातडीवर खपल्या येतात, आणि मग नालबंद व डॉक्टर दोघांची बिलं येतात. त्यांच्या बेरजेपुढे पन्हळ स्वस्त पडते.

गोठलेली जमीन फुगते तेव्हा कुंपणाचे खांबही वर ढकलले जातात, फाटकं अडकतात, तारा ढिल्या पडतात, खिळे डोकी वर काढतात. कुंपणाची फेरी म्हणूनच घोडे सोडायच्या आधी.

औषधांच्या बाबतीत गेल्या साठ वर्षांत सल्ला पार फिरला आहे. १९६६मध्ये केंटकी विद्यापीठातल्या ड्रज आणि लायन्स यांनी दर सहा ते आठ आठवड्यांनी सगळ्या घोड्यांना जंताचं औषध द्यावं अशी पद्धत मांडली. तेव्हा घोडे मारणारा जंत होता स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस. तो आतड्याच्या रक्तवाहिन्यांत शिरून जीवघेणा पोटशूळ आणायचा. पद्धत इतकी यशस्वी ठरली की तो जंत अनेक ठिकाणी जवळजवळ नाहीसा झाला. पण औषध सवयीने चालूच राहिलं. त्यातून दुसरे, छोटे स्ट्राँगाइल जंत जुन्या औषधांना दाद देईनासे झाले, आणि आता आयव्हरमेक्टिनच्या गटातल्या औषधांचा असरही कमी दिवस टिकू लागला आहे. आयव्हरमेक्टिन शोधणाऱ्या कँपबेल आणि ओमुरा यांना २०१५चं नोबेल मिळालं. तेच औषध पागेत मात्र महिनोन्‌महिने हिशोबाविना पाजलं जातं.

अमेरिकेतल्या अश्ववैद्यकांच्या संघटनेचा सल्ला आता असा आहे की आधी लीद तपासा. एका ग्रॅममध्ये दोनशेच्या आत अंडी असतील तर घोडा कमी अंडी टाकणारा, पाचशेच्या वर असतील तर जास्त. कळपातली बहुसंख्य अंडी मोजक्याच घोड्यांकडून येतात, साधारण पाचातला एखादा. औषध मुख्यतः त्यांना द्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजून असर झाला का ते पाहायचं. बाकीच्या मोठ्या घोड्यांना वर्षातून एक-दोनदा पुरतं. मालकांना हे पचत नाही, कारण सगळ्यांना एकदम पाजणं सोपं असतं आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. वसंताशी याचा जवळचा संबंध आहे. छोट्या स्ट्राँगाइलच्या अळ्या थंड प्रदेशात हिवाळाभर आतड्याच्या भिंतीत दबून राहतात आणि हिवाळा संपताना एकदम बाहेर पडतात. तेव्हा हगवण लागते, घोडा झपाट्याने वाळतो, काही दगावतातही. लिदीतल्या अंड्यांवरून या दबलेल्या अळ्यांचा थांग लागत नाही, म्हणून तरुण घोड्यांच्या बाबतीत डॉक्टरांचा हात सढळ असतो. आणखी एक: कुरणात पडलेली लीद दंताळ्याने पसरवायची तर ऐन कोरड्या उन्हात. थंड, ओल्या एप्रिलमध्ये पसरवली तर अळ्या सगळीकडे पेरल्यासारखं होतं.

कुरण हिरवं झालं की मालकाला वाटतं, आता सुटलो, गवताचं बिल थांबलं. इथेच घोडे लंगडे होतात. रात्री तापमान पाच अंशांच्या खाली आणि दिवसा लख्ख ऊन, असं असलं की गवत साखर बनवतं पण वाढत नाही, आणि ती साखर पात्यात साठून राहते. जाड मानेच्या, लठ्ठ तट्टांमध्ये त्याने रक्तातलं इन्सुलिन उसळतं. २००७मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धडधाकट पोनींच्या रक्तात दीर्घकाळ इन्सुलिन चढतं ठेवून लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांचा दाह, घडवून दाखवला. तोवर दोष बहुतेक पोटातल्या बिघाडाला दिला जायचा. हे थर खुराचं कवच आतल्या हाडाला बांधून ठेवतात. ते सुटले की हाड खाली सरकतं, आणि मग घोडा पुढचे पाय लांब टाकून, भार मागे झोकून उभा राहतो. ते एकदा पाहिलेला माणूस एप्रिलमध्ये फाटक उघडताना घाई करत नाही. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं, मग रोज थोडी वाढ, दोन-तीन आठवड्यांत पूर्ण चराई, आणि रात्री दहिवर गोठलं असेल तर त्या दिवशी चराई नाहीच.

याच सुमारास खराऱ्याला मूठमूठ केस येतात. केस गळण्याचं गणित थंडीवर नाही, दिवसाच्या लांबीवर चालतं, म्हणून बर्फ असतानाच गळती सुरू होते. मे उलटला तरी एखाद्या म्हाताऱ्या घोड्याची झूल तशीच राहिली तर ते त्याच्या पिट्युटरी ग्रंथीच्या आजाराचं लक्षण असू शकतं, आणि अशा घोड्याला वर सांगितलेल्या लॅमिनायटिसचा धोका अधिक.

लसी डासांच्या आधी. वेस्ट नाइल विषाणू १९९९मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा, न्यूयॉर्कमध्ये, सापडला तेव्हा लाँग आयलंडवरचे घोडेही त्यात सापडले. पुढे त्यावरची लसही धनुर्वात, रेबीज आणि मेंदूज्वराच्या लसींच्या पंगतीत बसली. माश्यांचं काम उकिरड्यापासून सुरू होतं. अंड्यातून माशी व्हायला हवेतल्या उष्णतेप्रमाणे एक ते तीन आठवडे लागतात, म्हणजे लीद आठवड्याच्या आत हलवली तर निम्मी लढाई तिथेच. एप्रिल-मेमध्ये भिंगऱ्या परततात आणि तुळयांवर घरटी बांधतात. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे अंडी-पिल्लं असलेलं घरटं पाडता येत नाही. पाडावं तरी कशाला? त्या दिवसभर माश्याच खातात.

महाराष्ट्रात वसंताला पागेच्या लेखी फारसं महत्त्व नाही. इथे ऋतू पालटतो तो मृगाला, आणि पागा सज्ज करायची ती वैशाख-ज्येष्ठात. मुंबईतल्या महालक्ष्मीच्या शर्यती हिवाळ्यात होतात, पुण्याचा हंगाम साधारण जुलै ते ऑक्टोबर. म्हणजे पुण्यातली ठाणं पहिल्या पावसाच्या आत तयार लागतात. वरच्या सगळ्या सल्ल्याचे महिने इथे बदलतात. जंतांच्या अळ्या एप्रिल-मेच्या उन्हात कुरणात तग धरत नाहीत, पाऊस लागला की पसरतात. पावसाळ्यात माश्यांमुळे चिघळणाऱ्या जखमांना घोडेवाले ‘बरसाती’ म्हणतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरतो. त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८०मध्ये आजच्या पाकिस्तानातल्या डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधून काढला होता.

पावसाळ्याआधी पागा सज्ज करण्याची आपल्याकडची सगळ्यात नेमकी सूचना मात्र कुठल्या पशुवैद्याची नाही. पावसाळ्याचे चार महिने लष्कर छावणीत यावं, घोड्यांसाठी दाणा, औषधं आणि गवताने शाकारलेली घरं आधीच तयार असावीत, हा शिवकालीन रिवाज सभासदाच्या बखरीत नोंदला आहे. आणि चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी १६७०च्या दशकात लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे. रयतेला उपद्रव देऊ नका, यासाठी ते नेहमी उद्धृत होतं. पण ते घोड्यांच्या पागेचंही पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच मनाला येईल तसा उधळला तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील. पुढे आगीची काळजी आहे: कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि मग वैरणही गेली आणि घोडीही गेली. आज अमेरिकेत प्राण्यांच्या निवाऱ्यांसाठी एनएफपीए १५० नावाची अग्निसुरक्षेची संहिता आहे. उंदराच्या जागी आता उंदरानेच कुरतडलेली वायर आहे, चुलीच्या जागी हिवाळ्यातले तापदिवे आणि धुळीने भरलेले घरगुती पंखे. वसंतातल्या सफाईत जाळी काढायची ती दिसायला वाईट म्हणून नव्हे. धूळ धरलेलं जाळं ठिणगीला एका तुळईवरून दुसरीवर नेतं. पागेत लावायचा पंखा मोटर बंदिस्त असलेलाच हवा, आणि महिन्याची वैरण घोड्यांच्या डोक्यावर न ठेवता वेगळ्या छपराखाली हवी.

कोकणात आणि घाटमाथ्यावर वैरणीचा प्रश्न आगीपेक्षा बुरशीचा आहे. गठ्ठे जमिनीपासून हातभर उंच माचावर, भिंतीपासून सुटे रचावेत, आणि वास आंबूस लागला तर तो गठ्ठा घोड्याला घालू नये, कितीही महाग पडला असला तरी. लग्नाच्या घोड्या, समुद्रकिनाऱ्यावरचे नि माथेरानचे घोडे पुष्कळदा पत्र्याच्या आडोशाला उभे असतात. तिथे पत्र्याच्या वरच्या बाजूला वीतभर फट आणि मागे चर, एवढं जूनच्या आत झालं तरी बरंच झालं. आणि कुठल्याही देशाच्या यादीत क्वचित दिसणारी एक बाब: आपल्याकडे मोतद्दार बहुधा घोड्यांच्या शेजारीच झोपतो. ठाणातली हवा तपासून झाली की त्याचं अंथरूण कुठे आहे तेही पाहावं, आणि त्याच्या खोलीला खिडकी नसेल तर दाराला रंग देण्याआधी ती पाडून घ्यावी.